‘सगळ्या नाण्यांसाठी सुरक्षित’ लिहिलेल्या तुमच्या क्लीनरबद्दल तिसरी तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: नाणी साफ करायच्या किटमधल्या द्रावणामुळे १७८६ चं तांब्याचं नाणं खराब झाल्याबद्दल

नमस्कार,

याआधी दोन तक्रारी मी इंग्लिशमध्ये केल्या, दोन्ही वेळा तेच तयार उत्तर आलं, एक नवी बाटली आणि पुढच्या ऑर्डरवर २० टक्के सूट. तुमच्या साइटवर तक्रार कुठल्याही भाषेत लिहा असं दिलंय म्हणून आता मराठीत लिहितेय, कारण जे झालंय ते मला मराठीतच धड सांगता येईल. मला बाटली नकोय, सूटही नकोय. एवढीच विनंती आहे की या वेळी कोणीतरी माणसाने हे पूर्ण वाचावं.

मी न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनीला राहते आणि सहा वर्षं झाली, मेटल डिटेक्टिंग करतेय, म्हणजे यंत्र फिरवून जमिनीतल्या धातूच्या जुन्या वस्तू शोधते. शेजारच्या व्हर्माँट राज्यात बेनिंग्टन काउंटीत एका शेतकरी आजोबांचं शेत आहे, तिथे त्यांची रीतसर परवानगी घेऊन जाते. सरकारी जागेत मी डिटेक्टर काढतच नाही, फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, जमिनीतनं शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवान्याशिवाय काढणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि तो कायदा मला पटतो. आजोबांचं आणि माझं ठरलेलं आहे की जे सापडेल ते आधी त्यांना दाखवायचं आणि काही खास निघालं तर पुढे काय करायचं ते दोघांनी मिळून ठरवायचं. शेताच्या कडेला एका जुन्या घराच्या पायाचे दगड आहेत, बाकी घराचं काही उरलेलं नाही. ऑक्टोबरमध्ये मका निघाला की जमीन मोकळी होते, तेव्हा मी त्या दगडांच्या आसपास फिरते.

त्या दिवशी सकाळपासून नुसते खिळे आणि शिशाच्या गोळ्या निघत होत्या. दुपारी हेडफोनमध्ये एकदम गोल, भरीव आवाज आला, डिटेक्टर आडवा फिरवला तरी तोच, उभा फिरवला तरी तोच, त्याच्यावर धातूचा अंदाज देणारा आकडाही हलत नव्हता. साधारण सात-आठ इंच खाली गेल्यावर मातीच्या ढेकळात हिरवी कड दिसली. मी बोटांनी माती सुटी केली, बाकी काही केलं नाही, पाण्याचा थेंबही लावला नाही. उन्हात तिरकं धरलं तर डोंगरांची रांग दिसली, त्यावर बारीक बारीक झाडं, डोंगरामागून वर येणारा सूर्य, आणि खाली शेतात नांगर. नांगराची मूठसुद्धा वेगळी कळत होती. माझे हात थरथरायला लागले, मी तिथेच मातीत बसले.

हे नाणं काय आहे हे तुम्हाला माहीत असायला हवं, कारण तुम्ही नाण्यांच्या नावावर धंदा करता, तरी सांगते. व्हर्माँट १७७७ पासून १७९१ पर्यंत स्वतंत्र गणराज्य होतं, अमेरिकेच्या तेरा राज्यांत त्याला घेतलेलं नव्हतं. १७८५ मध्ये तिथल्या विधानसभेने रुबेन हार्मन नावाच्या माणसाला तांब्याची नाणी पाडायचा हक्क दिला आणि त्याने रुपर्ट गावात टाकसाळ काढली. एका बाजूला हे डोंगर, सूर्य, नांगर, दुसऱ्या बाजूला किरणांच्या मधोमध एक डोळा, भोवती तेरा तारे आणि लॅटिनमध्ये शब्द, चौदावा तारा. म्हणजे आम्हालाही तुमच्यात घ्या, ही एका छोट्याशा देशाची इच्छा त्यांनी पैशावर कोरून ठेवली होती! १७९१ ला ते खरोखरच चौदावं राज्य झालं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या नंतरची असली तरी संग्राहक या सगळ्या नाण्यांना कलोनियल कॉपर, म्हणजे वसाहतकाळातली तांब्याची नाणी, असंच म्हणतात. डोंगर-नांगराचं हे डिझाइन १७८५ आणि १७८६ मध्येच पाडलं गेलं, मग त्यांनी ते काढून ब्रिटिश हाफपेनी नाण्यावर असतो तसा चेहरा टाकला, म्हणून ही नाणी कमी आहेत आणि जमिनीतनं इतकं स्पष्ट चित्र असलेलं निघणं तर फारच कमी. आणि हे टाकसाळ असलेल्या काउंटीतच सापडलं होतं.

आजोबांनी ते तळहातावर घेतलं, चष्मा वर करून डोळ्यांजवळ नेलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले की माझ्या आजोबांनी हीच जमीन बैलांनी नांगरलेली आहे. तिथेच ठरलं की हे गावच्या हिस्टॉरिकल सोसायटीला द्यायचं.

आता तुमचा भाग. सोसायटीला देण्याआधी कडेला चिकटलेली माती काढावी इतकंच माझ्या मनात होतं. तुमचं किट माझ्याकडे आधीपासून होतं, बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की सगळ्या धातूंच्या सगळ्या नाण्यांसाठी सुरक्षित. तरीही मी डोळे झाकून वापरलं नाही, आधी तुमच्या चॅटवर विचारलं. मी स्पष्ट लिहिलं होतं की नाणं तांब्याचं आहे, जमिनीतनं निघालंय, २०० वर्षांहून जुनं आहे, वर हिरवा थर आहे, चालेल का. उत्तर आलं की हो, नक्की, दहा मिनिटं बुडवा आणि सोबतच्या ब्रशने हलकेच घासा. त्या चॅटचा स्क्रीनशॉट याआधी दोनदा पाठवलाय, आता तिसऱ्यांदा जोडतेय.

मी नाणं द्रावणात टाकलं आणि लगेच बुडबुडे यायला लागले, बारीक बारीक, नाण्याच्या पूर्ण अंगावरून. मला भीती वाटली म्हणून मी परत चॅटवर विचारलं तर उत्तर आलं की बुडबुडे म्हणजे घाण निघतेय, काळजी करू नका. ती घाण नव्हती हो! तांबं इतकी वर्षं मातीत राहिलं की त्याचा वरचा भाग बदलत जातो, आधी लालसर ऑक्साइड होतं, त्याच्यावर हिरवं कार्बोनेट चढतं, आणि नाण्यावरचं चित्र त्या थरातच शिल्लक असतं, खालच्या धातूत नसतं. त्यातून शेतातली माती, वर्षानुवर्षं खत पडलेलं, तिथलं तांबं आतून आधीच खाल्लं गेलेलं असतं. त्यावर आम्ल टाकलं की कार्बोनेट विरघळतं आणि वायू सुटतो, तेच ते बुडबुडे. म्हणजे मी चमच्याने नाणं बाहेर काढलं तोपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर ते डोंगर विरघळत होते आणि तुमचा माणूस मला काळजी करू नका सांगत होता.

चार मिनिटं झाली होती, दहासुद्धा नाही. ब्रश मी लावलाच नाही. बाहेर काढल्यावर नाणं गुलाबी दिसत होतं, सोललेल्या कातडीसारखं, आणि सगळीकडे बारीक खड्डे. सूर्याचे दोन-तीन किरण आहेत अजून, सालातला ८ आणि ६ वाचता येतो. नांगर गेला. अंदाजाने म्हटलं तर एक रेघ दिसते, पण तिथे नांगर होता हे ज्याने आधी बघितलंय त्यालाच कळेल. आधी वजन ७.१ ग्रॅम भरलं होतं, नंतर ६.७.

तुमच्या दुसऱ्या उत्तरात लिहिलंय की नाणं आधीपासूनच खराब अवस्थेत होतं आणि सूचनांप्रमाणे वापर झाला नसावा. त्याच दिवशी शेतात काढलेले फोटो सोबत आहेत, नीट मोठे करून बघा, आणि सूचनांचं म्हणाल तर मी सूचनेपेक्षा कमी वेळ ठेवलं, म्हणून निदान इतकं तरी उरलं. जुने डिटेक्टिंगवाले डिस्टिल्ड वॉटर आणि लाकडी टूथपिक याच्या पुढे जात नाहीत, एका नाण्यावर आठवडेच्या आठवडे बसतात, आणि बरेच जण सांगतात की कळत नसेल तर हातच लावू नका. मीही तेच करायला हवं होतं हे मला मान्य आहे. पण विचारल्यावर मला हो म्हणणारे तुम्ही होता.

किटचे ३९ डॉलर तुम्ही परत केले नाहीत तरी चालेल. मला हे हवंय की बाटलीवरचं ते वाक्य काढा, जमिनीतनं निघालेल्या तांब्यावर वापरू नका असं पुढच्या बाजूला दिसेल असं छापा, द्रावणात नेमकं काय आहे ते लिहा कारण आत्ता फक्त खास फॉर्म्युला इतकंच आहे, आणि ज्यांनी ज्यांनी हे किट घेतलंय त्यांना ईमेल करून कळवा. हे शेवटचं सगळ्यात आधी करा, कारण मका, बटाटे निघाले की सगळ्यांचा हंगाम सुरू होतो आणि कोणाच्या तरी हातात आत्ता याच क्षणी एखादं नाणं आणि तुमची बाटली असेल. चॅटवर बसणाऱ्यांना तांबं आणि चांदी यातला फरक शिकवा, तो फार अवघड नाहीये. आणि तुमच्या साइटवरचा माझा रिव्ह्यू काढून टाकलाय तो परत लावा, त्यात एकही खोटा शब्द नव्हता.

आजोबांना मी स्वतः जाऊन दाखवलं. ते रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. त्यांनी नाणं उलटं करून मागचे तारे मोजायचा प्रयत्न केला, सातपर्यंत मोजता आले.

उत्तर लेखी द्या, १५ दिवसांत, आणि त्याखाली जबाबदार व्यक्तीचं नाव असू दे. नाही आलं तर मी राज्याच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे हेच सगळं कागद आणि फोटोंसकट देणार आहे. बाटली माझ्याकडे आहे, अर्ध्याहून जास्त भरलेली, झाकण घट्ट लावून ठेवलीय, तपासायला हवी असेल तर पाठवते. नाणं पाठवणार नाही, ते आजोबांकडे आहे.

आपली ग्राहक

सोबत: ऑर्डरची पावती, चॅटचे स्क्रीनशॉट, नाण्याचे आधीचे आणि नंतरचे फोटो