टीव्हीवर टॅब दिसत नाही त्याबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

रविवारी मी फोनवर चिडले ते डोक्यातनं जाईना. बाबा तासभर टॅब धरून “नुसतं गोल फिरालंय” म्हणत होते आणि मी मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला. बाबा, तुमचं काही चुकलं नव्हतं, घोळ माझाच आहे. ताईच्या लग्नात पाहुण्यांसाठी मी वायफायचं दुसरं नाव काढलं होतं, मागं गेस्ट लिहिलेलं. टीव्ही अजून त्याच नावावर आहे आणि टॅब घरच्या. गेस्टवरचं आणि घरचं एकमेकांना दिसू नये अशीच ती सोय असते, म्हणून कास्ट, म्हणजे टॅबवरचं टीव्हीवर दाखवायचं बटण, दाबलं की टॅब शोधत बसतो आणि टीव्हीचं नाव काही येत नाही.

तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये नेटवर्कात जाऊन घरचं नाव निवडा, पासवर्ड तोच, आपल्या जुन्या स्कूटरचा नंबर. मग टीव्ही रिमोटनं नाही, भिंतीवरच्या बटणानं बंद करा, मिनिटभर थांबा, चालू करा. टॅबही एकदा बंद-चालू करा.

आता दुसरं, आणि बाबा रागावू नका. चित्र मध्येच अडकतं ते वायफायचा बॉक्स माडीवर माझ्या खोलीत आहे म्हणून. तुम्हीच सांगता ना, किरणोत्सवाला महाद्वार रोडवरची बांधकामं आडवी आली की मावळतीची किरणं अंबाबाईपर्यंत पोचत नाहीत, अगदी तसंच आहे हे. फाईव्ह जीवालं वायफाय (मोबाईलचं फाईव्ह जी वेगळं) फास्ट असतं पण भिंतीतनं फार जात नाही, आणि आपल्यात मध्ये स्लॅब आणि आजोबांच्या वेळची जाड भिंत. म्हणून मी केबलवाल्या दादांना सांगून टाकलंय, गुरुवारी येऊन ते बॉक्स खाली हॉलमध्ये टीव्हीशेजारी लावतील. पैसे मी पाठवलेत, तुम्ही परत देऊ नका.

तुम्ही म्हणणार, राहू दे की तुझ्या खोलीत, आल्यावर कामाला लागेल. बाबा, मी बेंगळुरूला अजून दोन वर्षं थांबायचं ठरवलंय, सहीपण झाली. फोनवर तीनदा तोंडाशी आलं आणि गिळलं. इथं पगार बरा आहे, कर्ज फिटतंय, आणि घरनं काम करायला हे लोक आता देत नाहीत, खरंच विचारून बघितलं. दिवाळीला येतेच आहे. खोली माझीच राहू दे, पलंगावरची आईची गोधडीपण, फक्त बॉक्स खाली येतोय.

मोतीबिंदूनंतर बाबांनी टॅब नाकाशी धरून मला बघायचं हे मला नको वाटतंय. मोठ्या पडद्यावर दिसले की तुम्हीच म्हणाल वाळलीस म्हणून, तेही चालेल. लहानपणी ताप आला की बाबा मला मांडीवर घेऊन टीव्ही लावायचे आणि आवाज एकदम बारीक करायचे, मला झोप लागली तरी उठायचे नाहीत. परवा रात्री तेच आठवत होतं.

आई, तू गुडघ्यांचा पट्टा घालतेस ना? किरणोत्सवाला गर्दीत उभं राहायला जायचं नाही, हे मी सांगतेय म्हणजे सांगतेय. ९, १०, ११ नोव्हेंबरला तिन्ही दिवस घरी बसून बघ. त्यासाठी आख्खा टॅब टीव्हीवर आणायची गरज नाही, यूट्यूबवर दर्शन लावलं की वर कोपऱ्यात छोटा टीव्हीचा आकार दिसतो, तो दाब. मग टीव्ही स्वतःच ओढून घेतो, टॅबची बॅटरी जात नाही, मध्ये कुणाचा फोन आला तरी चालू राहतं. व्हिडिओ कॉलला मात्र आख्खा टॅब कास्ट करावा लागेल. तेव्हा तो आडवा, टीव्हीसमोर स्टुलावर ठेवा, कॅमेरा टॅबचाच असतो. आवाज टॅबमधनं आला तर काही बिघडलंय असं समजू नका. पैसे भरून बघायच्या ॲपचं काही लावलं आणि टीव्ही काळा दिसला तरी तो बिघडलेला नाही, ते लोक तसं कास्ट करू देत नाहीत, त्या ॲपमधलंच बटण शोधा.

बाबा, गंगावेशीला दूध प्यायला जाताना चष्मा घाला, अंधारात गाडी नको. डोळ्याचे थेंब संपत आले असतील तर आजच आणा.

११ तारखेला मी लवकर निघतेय ऑफिसातनं. त्या दिवशी किरणं मुखापर्यंत येतात, तेव्हा साडेपाचच्या आत टीव्ही लावून ठेवा आणि मला फोन करा, आपण तिघं एकदम बघू.

तुमची,
चिमी