आजारी सॉफ्ट कोरल आणि दोन तासांची हमी यांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: आपण पाठवलेले सॉफ्ट कोरल (समुद्री मत्स्यटाकीत पाळायचे मऊ अंगाचे प्रवाळ) दगावल्याबाबत आणि त्या काळात आपल्या प्रतिनिधींनी दिलेल्या चुकीच्या सल्ल्याबाबत.

महोदय,

आपल्याकडून मी एक टोडस्टूल लेदर, एक फिंगर लेदर (दोन्ही चामड्यासारख्या अंगाचे कोरल), झिनियाचा एक झुपका आणि सुमारे तीस पॉलिपांचा (म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या तीसेक छोट्या जीवांचा) झोअँथिडचा तुकडा असे चार सॉफ्ट कोरल मागवले होते. त्यांपैकी टोडस्टूल आणि झिनिया आज हयात नाहीत, झोअँथिड निम्म्यावर आले आहेत आणि फिंगर लेदर तेवढे सावरले आहे. प्रवासात एखादा जीव दगावतो, हे मला मान्य आहे. माझी तक्रार मुख्यतः त्यानंतर जे घडले त्याबद्दल आहे.

माझ्या टाकीत क्षारता हजारी ३५ भाग आणि तापमान २५ अंश सेल्सिअस असते. पार्सल आले त्या दिवसाच्या पाणीचाचणीची नोंद सोबत जोडली आहे. पिशव्या टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवले आणि उघडल्यानंतर कोरल त्यांतील पाण्यात फार वेळ राहू दिले नाहीत. बंद पिशवीत साठलेला कार्बन डायऑक्साइड उघडताच निघून जातो, पाण्याचा पीएच चढतो आणि साचलेला अमोनिया अधिक विषारी होतो, याची मला कल्पना होती. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्या एका उत्तरात दोष माझ्या हाताळणीवर टाकला होता.

टोडस्टूल पहिले तीन दिवस मिटलेले होते आणि त्याची मला चिंता वाटली नाही. चौथ्या दिवशी देठाच्या बुडाशी बोटाच्या पेराएवढा तपकिरी, मऊ डाग दिसला आणि मी छायाचित्रासह आपल्याला कळवले. उत्तर आले, "लेदर कात टाकत आहे, दोन आठवडे हात लावू नका." लेदर कोरल कात टाकते हे खरे आहे, पण तेव्हा त्याच्या पृष्ठभागावर मेणचट, चकचकीत पापुद्रा धरतो, प्रवाहाने तो सुटून जातो, खालचे अंग घट्ट असते आणि कुजका वास येत नाही. कूज एका जागी सुरू होऊन पसरत जाते, तिथले मांस बोटाखाली दबते, कडेला तपकिरी बुळबुळीत चोथा साचतो आणि पाण्याबाहेर काढताच त्याची दुर्गंधी येते. मी डाग बुडाशी असल्याचे, तो दबत असल्याचे आणि वास येत असल्याचे एकूण तीन वेळा लिहिले. तिन्ही वेळा तेच वाक्य परत आले, अगदी स्वल्पविरामासकट.

आपल्या सल्ल्यावर विसंबून मी तीन दिवस थांबले, ही माझी चूक मी नाकारत नाही. सातव्या दिवशी देठ कोसळला. तेव्हा कोरल बादलीत घेऊन धारदार पात्याने कूज कापून काढली, उरलेली टोपी (देठावरचा छत्रीसारखा भाग) आयोडीनच्या द्रावणात बुडवली आणि जाळीने दगडावर बांधून मध्यम प्रवाहात ठेवली. पण कूज टोपीच्या आतपर्यंत पोहोचली होती आणि नवव्या दिवशी ती विरघळली. लेदरचा निरोगी तुकडा कापून दगडावर बांधला तर बहुधा पुन्हा रुजतो. फ्रॅग, म्हणजे कोरलचे कापलेले तुकडे, विकणाऱ्यांचा धंदाच त्यावर चालतो. चौथ्या दिवशी "कापा" एवढे एकच उत्तर आले असते, तर टोपी वाचण्याची चांगली शक्यता होती.

मरणाऱ्या लेदरमधून शेजारच्या कोरलांना अपायकारक रसायने पाण्यात उतरतात. शिवाय कुजलेल्या मांसामुळे चाचणीत अमोनिया दिसू लागला होता, म्हणून मला पाण्यातील रसायने शोषणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन बदलावा लागला आणि दोन दिवसांत दोनदा पाणी बदलावे लागले. झिनिया याच सुमारास विरघळले. ते कधीकधी काही कारण नसतानाही विरघळते, त्यामुळे त्याचे खापर मी आपल्यावर फोडत नाही आणि त्याची भरपाईही मागत नाही.

झोअँथिडचे तसे नाही. आपल्या जाहिरातीत प्रत्येक कोरल विलगीकरणात ठेवून आणि डिप करूनच (कीड काढणाऱ्या द्रावणात बुडवूनच) पाठवतो, असे लिहिले आहे. या तुकड्याच्या खालच्या बाजूला मला नुडिब्रँकच्या (कोरल खाणाऱ्या, कवच नसलेल्या समुद्री गोगलगायीच्या) अंड्यांची वेटोळी आणि ज्यांना खात होते त्यांच्याच रंगाचे दोन नुडिब्रँक सापडले. डिपने मोठे जीव गळून पडतात, पण अंडी बहुधा वाचतात. म्हणून अंडी हाताने खरवडून काढावी लागतात आणि काही दिवसांच्या अंतराने डिप पुन्हा द्यावा लागतो. कोरल खरोखर विलगीकरणात असते आणि कोणी एकदा तरी उलटून पाहिले असते, तर ही वेटोळी नजरेतून सुटली नसती. अंडी खरवडताना मी हातमोजे आणि चष्मा वापरला, कारण काही झोअँथिडांत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत घातक विष असते. आपल्या पार्सलमध्ये याबद्दल इशाऱ्याची एक ओळही नव्हती. नवख्या ग्राहकाने उघड्या हाताने हेच काम केले असते, तर प्रकरण पैशांपुरते राहिले नसते.

भरपाई नाकारताना आपण हमीच्या अटीकडे बोट दाखवले, की पिशवी उघडल्यापासून दोन तासांत मृत कोरलाचे छायाचित्र पाठवले पाहिजे. माशाला ही अट कदाचित लागू पडेल. प्रवासानंतर सॉफ्ट कोरल निरोगी असले तरी मिटलेलेच असते आणि आजारी असले तर मरायला आठवडा घेते. दोन तासांत दोन्ही सारखीच दिसतात. म्हणजे ही हमी सॉफ्ट कोरलला कधी लागूच होणार नाही.

तरी टोडस्टूल आणि झोअँथिड यांची पूर्ण रक्कम परत करावी. बदली कोरल नको, कारण त्याच टाकीतून तीच कीड पुन्हा येईल. हे कोरल किती दिवस विलगीकरणात होते आणि कोणता डिप किती वेळा दिला, हे लेखी कळवावे. त्याच टाकीतले झोअँथिड ज्या इतर ग्राहकांना गेले असतील, त्यांनाही नुडिब्रँकबद्दल सावध करावे. सॉफ्ट कोरलसाठी हमीची मुदत किमान दहा दिवस करावी आणि झोअँथिडच्या प्रत्येक पार्सलसोबत विषाचा इशारा छापील स्वरूपात द्यावा. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी ग्राहक म्हणून उपलब्ध असलेल्या कायदेशीर मार्गाने दाद मागेन.

सोबत: बिलाची प्रत, तारखांसह छायाचित्रे, आपल्या प्रतिनिधींशी झालेला पत्रव्यवहार, पाणीचाचणीच्या नोंदी.

आपली,
तक्रारदार ग्राहक