अकरावीत मिळवलेले श्रेयांक पदवीला का धरत नाहीत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. दोन वर्षांपूर्वी माझ्या अकरावीच्या वर्गातील एका मुलीने एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमातला, पायथॉन या संगणकीय भाषेचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम घेतला. घरात स्मार्टफोन एकच, तोही वडिलांचा. ते रानातून परतून जेवायला बसले की तो तिच्या हाती यायचा. दर आठवड्याचे स्वाध्याय मुदतीत पाठवायचे, त्यांना 25 टक्के भार. उरलेले 75 टक्के केंद्रावर जाऊन, पर्यवेक्षकासमोर द्यायच्या परीक्षेला. परीक्षा शुल्काच्या हजार रुपयांची जुळवाजुळव करताना घरच्यांची झालेली ओढाताण मी पाहिली आहे. ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. यंदा बीएस्सीच्या पहिल्याच वर्षी तोच विषय पुढे आला, तेव्हा तिने प्रमाणपत्र दाखवले. पण 'हे प्रवेशाआधीचे आहे, धरता येणार नाही,' असे सांगून महाविद्यालयाने तिला पुन्हा त्याच वर्गात बसवले.

नियमावर बोट ठेवले तर महाविद्यालयाचे चुकले असे म्हणता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या विनियमांनुसार एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावरून पूर्ण करता येतात; एनपीटीईएलचे अभ्यासक्रमही त्यावरच असतात. मात्र ही मुभा संस्थेत आधीच दाखल झालेल्या विद्यार्थ्यांचा विचार करून दिलेली आहे. त्याच वर्षी श्रेयांक, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाची क्रेडिट्स, साठवणारी अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली, तिथे श्रेयांक सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात. 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने तर शाळा आणि पदवी एकाच शिडीवर आणून तीस तासांच्या अध्ययनाला एक श्रेयांक हे माप ठरवले, आणि आता शाळकरी मुलांनाही बारा अंकी 'अपार' हा शैक्षणिक ओळख क्रमांक मिळू लागला आहे. एवढी सगळी मांडणी झाल्यावर, सतराव्या वर्षी केलेला अभ्यास अठराव्या वर्षी केलेल्या अभ्यासापेक्षा हलका का मानावा, हे मला उमगत नाही.

हे कुठे घडतच नाही असेही नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने 1985 मध्येच अकरावी-बारावीच्या मुलांना महाविद्यालयीन अभ्यासक्रम घेण्याची वाट कायद्याने खुली केली. त्याचे शुल्क राज्य भरते, आणि आज त्यांतील बरेच अभ्यासक्रम मुले घरी बसून ऑनलाइन करतात. एकच अभ्यास शाळेलाही धरला जातो आणि महाविद्यालयालाही.

आपल्याकडे याचा गैरफायदा घेतला जाईल, ही भीती मलाही वाटते. सीईटी आणि जेईईच्या शिकवण्यांनी मुलांचा दिवस आधीच व्यापला आहे, त्यात 'श्रेयांक पॅकेज' विकणारे वर्ग निघायला वेळ लागणार नाही. म्हणून दोन वर्षांत जास्तीत जास्त दोन अभ्यासक्रम, तेही केंद्रावर परीक्षा झालेलेच धरावेत, अशी मर्यादा घालावी; गुणवत्तेची शंका आलीच तर महाविद्यालयाने एक तोंडी परीक्षा घ्यावी, पण पूर्ण सत्र पुन्हा करायला लावू नये. यासाठी वेगळा निधी लागत नाही, विद्यापीठांच्या विद्यापरिषदांनी एक ठराव करण्याची आवश्यकता आहे.

माझ्या वर्गातील तीन मुलांनी जानेवारीच्या सत्रासाठी नाव नोंदवावे का, असे गेल्या आठवड्यात मला विचारले. त्यांना मी काय उत्तर द्यावे, हे विद्यापीठाने नोंदणीची मुदत संपण्यापूर्वी परिपत्रक काढून कळवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका, जि. सातारा