बाबांच्या हातून फोन न घेणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

बाबांना स्वतः चालवता येईल असा रिमोट तुम्ही फोनमध्ये करून दिलात, त्याचे फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय.

आर्वीकडच्या आमच्या खेड्यात घरी होम थिएटर आहे म्हटलं की लोक हसतात. हसू द्या. बाबांना जत्रेतल्या टुरिंग टॉकीजपासून सिनेमाचं वेड, आता ऐकू कमी येतं. म्हणून कपाशीचे पैसे हातात आले तेव्हा टीव्ही, अ‍ॅम्प्लिफायर आणि पाच स्पीकर बसवून घेतले. सेट टॉप बॉक्स धरून रिमोट झाले तीन. आवाजाला एक, चॅनलला दुसरा, आणि चुकून इनपुट बदललं की नुसता निळा पडदा. भजन लावायचं तरी शेजारच्या पोराला हाक मारायची.

विकणाऱ्या दुकानदाराने रिमोटवर १, २, ३ अशा चिकट्या लावल्या आणि हात झटकले. मग एक तंत्रज्ञ आला. व्हिजिटचे पैसे आधी घेतले, माझ्या जुन्या रेडमी फोनवर (त्यात रिमोटसारखा इन्फ्रारेड दिवा आहे) एक तयार रिमोट ॲप टाकलं, ज्यात नखाएवढ्या बटनांची नुसती गर्दी. बाबांचं बोट दोनदा चुकलं तर फोन हातातून काढून घेत म्हणाला, "काकाजी, तुमच्याच्यानं नाही होत हे. पोरायले देऊन देत जा." बाबा काही बोलले नाहीत. त्यानंतर ते संध्याकाळी टीव्हीच्या खोलीत यायचेच बंद झाले. तो माणूस आठवला की माझं आजही डोकं सणकतं.

तुम्ही आलात, सतरंजीवर त्यांच्या बाजूला बसलात आणि म्हणालात, "बाबाजी, तुम्ही दाबा, मी पाहून राहिली." बस, एवढंच. बाबा दाबत होते, चुकत होते, परत दाबत होते. चहा गार झाला, पण तुमचा हात काही फोनकडे गेला नाही.

अन् पाहता पाहता तुमच्या लक्षात आलं की बाबा बरोबर बटनावरच दाबतात, फोनलाच ते कळत नाही. डवऱ्या-विळ्याने अंगठ्याला घट्टे पडलेले, कातडी कोरडी ठण्ण, आणि वर फोनच्या पडद्यावर चिकटवलेली ती जाड काच, स्क्रीन गार्ड. असं बोट टचस्क्रीनला धड जाणवत नाही. तुम्ही ती काच सोलून काढलीत आणि मोठ्याने म्हणालात, "तुमची चूक नाही बाबाजी, हिची आहे." बाबांनी ती काच हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली. त्यांचा तो चेहरा मी विसरणार नाही.

मग फोनवरच्या नव्या रिमोटची मांडणी तुम्ही कशी केलीत ते तुमचं तुम्हाला माहीत. मला दिसतं ते एवढंच की पडद्यावर आता पाचच मोठी बटनं आहेत आणि आवाजाचं बटन बाबांचा अंगठा आपसूक पडतो तिथेच, खाली उजवीकडे. मागचा रंग काळा, कारण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना उजेड खुपतो, हे तुम्ही आईला विचारून घेतलंत.

लाइनचा घोळ मात्र सांगायलाच हवा. रिमोटवर चालू-बंदचं बटन एकच असतं, ते चालूला बंद करतं आणि बंदला चालू. आमच्याकडे लाइन जाऊन आली की टीव्ही एका तालात, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या. मग एका बटनावर दोन्ही लावायला गेलं की एक उठायचा, दुसरा झोपायचा. कंपनीच्या रिमोटवर नसलेले, पण यंत्राला समजणारे 'फक्त चालू' आणि 'फक्त बंद' असे वेगळे कोड, म्हणजे रिमोटचे इशारे, तुम्ही हुडकून काढलेत. सेट टॉप बॉक्सला तसे नव्हते, तर तो चालूच राहू दिलात. उरलेले कोड टिपायला रिमोटचे इशारे पकडणारा तीन पायांचा सेन्सर, टीएसओपी १७३८, आणि तारांची गुंडाळी घेऊन बसलात, तेव्हा बाबा शेजारी टॉर्च धरून होते. अ‍ॅम्प्लिफायर जागा व्हायला काही सेकंद घेतो, तेवढ्यात बाबा परत दाबतात, म्हणून पडद्यावर "थांबा, येत आहे" अशी पाटीही टाकलीत.

समजावून सांगणारे गल्लोगल्ली सापडतात हो. समोरच्याला चुकू देत निवांत बसणारं माणूस विरळा. दवाखान्यात, बँकेत, तहसीलमध्ये, कुठेही बघा, म्हाताऱ्या माणसाच्या हातातला कागद आधी ओढून घेतात. तुमच्या दुकानात तसं होत नाही, हे आता अख्ख्या गावाला कळलंय. बाबा सांगत फिरतात.

एक भानगड मात्र तुम्हालाच निस्तरायची आहे. शेतातल्या मोटारीचं बटनही याच फोनवर बसवायचं म्हणतात. इन्फ्रारेड भिंतीपलीकडेही जात नाही, शेत तर दूरच राहिलं, असं मी सांगितलं. "तुले काय समजते, मी ताईले विचारतो," म्हणाले. सोमवारी बाजाराला येताहेत, तयारीत राहा.

तुमचा,
बाबांचा मोठा मुलगा