ओजसचा कान, डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी आणि पिंकीचं स्थळ

लीड्स

ती. आई आणि अप्पा यांना साष्टांग नमस्कार.

मोठ्या मायला आधी सांग, ओजसचा कान बरा झाला, पोऱ्या बरा शे. काल वरण-बट्टी केली होती, बट्टी तुपात बुडवून खाल्ली आणि कुस्करलेली अर्धी सोफ्यावर सांडली, म्हणजे समज किती बरा आहे ते. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मागून अप्पा ओरडतात, म्हणून लिहून पाठवते. वहिनी वाचून दाखवेल. आमचं रोजचं तुला ठाऊकच आहे, त्यात नवीन काही नाही.

आता ते तुझं, ‘असा कसा डॉक्टर, लेकरू रडतंय आणि ती म्हणते थांबा?’

आई, इथे ही पद्धतच आहे. नीट सांगते, मग मोठ्या मायला तू समजाव. डॉक्टरीणबाईंनी कानात बॅटरीचं यंत्र घालून पाहिलं, पडदा लाल झालाय म्हणाल्या, अँटिबायोटिकची चिठ्ठी लिहून हातात दिली आणि वर सांगितलं, की औषध आज आणू नका! चिठ्ठी खरी, औषध खरं, मेडिकलचं दुकान समोर उघडं, आणि ती चिठ्ठी आपण फ्रिजला चिकटवून ठेवायची. तीन दिवसांत उतार पडला तर फाडून टाकायची. नाही पडला, किंवा मधेच दुखणं वाढलं, तर औषध आणून सुरू करायचं. आपल्याकडे एखाद्या डॉक्टरने असं केलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दवाखान्यात कुणी फिरकणार नाही. चार औषधं आणि एक सुई दिल्याशिवाय मोठ्या मायला तो डॉक्टर वाटतच नाही.

पण बाईंचं म्हणणं खरं होतं. लहान मुलांचं कानाचं दुखणं बहुतेक वेळा तीनेक दिवसांत आपलं आपण ओसरतं. सर्दीपडशातून, म्हणजे विषाणूमुळे आलेलं असेल, तर त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. उगाच दिलं तर जुलाब होतात, अंगावर पुरळ येतं, आणि पोटातले जंतू त्या औषधाला सरावतात, मग खरी गरज पडते तेव्हा ते लागू पडत नाही. तान्ह्या बाळाला मात्र इतकं थांबवत नाहीत. कानामागे सूज आली, मान आखडली, पोर मलूल पडलं, तर कुणालाच थांबायचं नाही, लगेच दाखवायचं, हेही त्यांनी दोनदा बजावलं होतं. तेव्हा आम्ही काही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. दुखू नये म्हणून वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल चालू होतं आणि रात्री आम्ही दोघं आळीपाळीने जागे होतो. मग त्याचा कान वाहायला लागला, उशीवर पिवळा डाग दिसला, आणि हे तसेच चपलेवर जाऊन औषध घेऊन आले. कान वाहायला लागला की थांबायचं नाही, हे आधीच ठरलेलं होतं.

औषध अमॉक्सिसिलिन. तिथे मिळतं तेच, पावडरची बाटली. इथे दुकानदारच पाणी घालून तयार करून देतो, आपण फक्त फ्रिजमध्ये ठेवायची. सोबत सुई नसलेली सिरिंज देतात, तिच्यावर एमएलच्या रेघा असतात. आपल्या पोह्याच्या चमच्याने का नाही, असं तू विचारशीलच. घरातला एकही चमचा दुसऱ्या चमच्याएवढा नसतो, म्हणून. बाटली आधी चांगली हलवायची, नाहीतर औषध तळाशी बसतं आणि वरचं नुसतं गोड पाणी पोटात जातं. ओजसला मांडीवर बसता करून सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला लावते आणि थोडं थोडं सोडते. घशात एकदम सोडलं तर ठसका लागतो. दुधाच्या पेल्यात मिसळत नाही. पेला अर्धा टाकला तर किती गेलं आणि किती राहिलं हे कोण सांगणार?

दिवसातून तीनदा, पाच दिवस लिहून दिलं होतं. दोन दिवसांत ताप उतरला, तरी पाचही दिवस दिलं. अप्पांचं ‘बरा झाला ना, आता कशाला गरम औषध’ मी ऐकलं, पण मानलं नाही. रागावू नका. औषध मधे बंद करायचं असेल तर ते डॉक्टरांनी सांगावं. एकदा देताच ओकला. अर्ध्या तासाच्या आत ओकला तर तेवढंच परत द्यायचं, त्यानंतर ओकला तर नाही. वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळी दुप्पट तर कधीच द्यायचं नाही. पोट थोडं बिघडलं होतं, दहीभातावर निभावलं. अंगावर पुरळ, तोंडाला सूज किंवा धाप असं काही दिसलं असतं तर औषध थांबवून आधी डॉक्टरांना गाठायचं होतं. तसं काही झालं नाही.

लसणाचं तेल मी घातलं नाही, हेही मोठ्या मायला सांगून टाक. वाहत्या कानात डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काहीच घालायचं नसतं.

आता वहिनीसाठी. बाळाच्या मागच्या खोकल्याच्या वेळची अँटिबायोटिकची अर्धी बाटली कपाटात ठेवली आहेस, मी व्हिडिओत पाहिली. ती पुन्हा द्यायची नाही. पाणी घातलेलं औषध बाटलीवर लिहिलेल्या दिवसांपुरतंच चालतं. शिवाय तेव्हाचं वजन वेगळं, आत्ताचं वेगळं, आणि या वेळचा आजार तोच आहे हे कुणी ठरवलं? ओजसचं माप विचारून बाळाला देऊ नकोस, ते त्याचं त्यालाच. पाकिटावर लाल उभी रेघ असेल ते औषध मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय नुसतं मागितल्यावर दिलं तरी घेऊ नकोस, डॉक्टरला दाखव. एवढं बोलले म्हणून मोठी शहाणी झाले असं म्हणू नकोस.

आणि हो, औषधाला किती पैसे लागले, असं अप्पांनी विचारलं होतं. इथे मुलांच्या औषधाला पैसे पडत नाहीत. तेव्हा त्या काळजीने घरातला कापूस पडत्या भावात विकू नका.

आखाजी तोंडावर आली. सगळ्या जणी माहेरी येतील, निंबाला झोका बांधला असेल. माझं यंदाही जमत नाही. सुट्टी ओजसच्या आजारपणात गेली, उरलेली पिंकीच्या लग्नाला ठेवली आहे. धुळ्याचं स्थळ मला बरं वाटलं. मुलगा फोनवर स्वतःहून बोलला, बापाच्या आडून नाही. पण तिची बी.एड.ची परीक्षा होऊ द्या, मग साखरपुडा. ‘आमची काही मागणी नाही’ असं म्हणून नंतर गाडीचा विषय काढणारे असतात, तेवढं भाऊने धुळ्यात दोन घरी विचारून घ्यावं. साखरपुड्याला मी नसेन. पिंकीला मीच सांगेन, तू सांगू नकोस.

हॉलचा ॲडव्हान्स माझ्याकडून. ‘जावयाचे पैसे नको’ असं अप्पा म्हणतील. हे पैसे माझ्या पगाराचे आहेत, यांना विचारून पाठवलेत. सोमवारपर्यंत खात्यात येतील. भाऊला पासबुक भरून आणायला सांग आणि आले की मला एक मिस्ड कॉल दे.

तुझी
सुमी