हत्तीरोगाचा मोठा जंत मारणारी गोळी हवी

महोदय,

हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम आली की आमच्या भागात आशाताईंना ठरलेला प्रश्न ऐकावा लागतो: 'मागच्या साली खाल्ल्या ना, मग आता पुन्हा कशाला?' प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं खरं उत्तर लोकांना कुणी सांगत नाही. मोहिमेतल्या डीईसी आणि अल्बेंडाझोल या गोळ्या रक्तात फिरणारी जंताची पिल्लं मारतात. लसिकावाहिन्यांत, म्हणजे शरीरातला द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, ठाण मांडून बसलेले मोठे जंत मात्र बरेचसे तगतात. ते सहा ते आठ वर्षं जगतात आणि पिल्लं घालत राहतात. आयव्हरमेक्टिनची जोड दिली की रक्त जास्त काळ स्वच्छ राहतं, म्हणून नागपूरसारख्या जिल्ह्यात तीन औषधं देऊ लागले. तरी मोठा जंत चार-आठ दिवसांत हमखास मारेल असं औषध अजून आपल्या हाती नाही. डीईसी तर १९४७ पासूनचं आहे.

शास्त्रज्ञांना जंताचं मर्म सापडलेलं आहे. त्याच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात. ते मेले की मादी वांझ होते आणि हळूहळू जंतही मरतो. डॉक्सिसायक्लिनने हे साधतं, पण ती चार ते सहा आठवडे रोज घ्यावी लागते, शिवाय गरोदर बायकांना आणि लहान मुलांना चालत नाही. अख्ख्या गावाला ती कशी देणार? म्हणून लिव्हरपूलच्या संशोधकांनी अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीच्या स्वयंचलित यंत्रांवर तेरा लाख रसायनं तपासली. वोल्बाकियाची लागण झालेल्या डासाच्या पेशींवर यंत्र एकेक रसायन टाकत गेलं. वीस हजारांहून जास्त रसायनांचा परिणाम दिसला. त्यांतली निवड संगणकाच्या मदतीने झाली आणि शेवटी, प्रयोगशाळेत दोन दिवसांच्या आत काम करणारे पाच नवे रासायनिक गट मिळाले. हे २०१९ साली प्रसिद्ध झालं.

म्हणजे शोधण्याचं काम आता यंत्रांनी सोपं केलं आहे. खरी अडचण पुढे आहे. रसायनापासून गोळीपर्यंतच्या चाचण्यांना वर्षं लागतात आणि अफाट पैसा लागतो. रोगी बहुतेक शेतमजूर, त्यांच्याकडून तो वसूल होणार नाही हे कंपन्यांना ठाऊक असतं. पण वाट निघते. आफ्रिकेतल्या निद्रारोगावरचं फेक्सिनिडाझोल हे असंच अडगळीत पडलेलं रसायन होतं. डीएनडीआय या ना-नफा संस्थेने ते बाहेर काढलं आणि २०१८ मध्ये त्याच्या गोळीला मान्यता मिळाली.

जगातल्या हत्तीरोगाचा सुमारे ४० टक्के भार भारतावर आहे. मग हे औषध दुसऱ्या कुणी आणून द्यावं म्हणून आपण का थांबायचं? लखनौची केंद्रीय औषधी संशोधन संस्था आहे. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात या रोगाच्या निदानावर वर्षानुवर्षं काम झालं आहे. पुरुषांच्या अंडकोषातल्या वाहिन्यांत जिवंत जंतांची वळवळ सोनोग्राफीत दिसते आणि औषध लागू पडलं का, हे चाचण्यांमध्ये त्यावरून पाहता येतं. सोनोग्राफीची यंत्रं आमच्याकडे तालुक्यालाही आहेत.

नव्या गोळीने जुनी सूज उतरणार नाही, हेही सांगायला हवं. त्या रुग्णांना पाय धुण्याची, जखम सांभाळण्याची शिकवण आणि साहित्य नियमित मिळालं पाहिजे. आणि यंदाच्या गोळ्या सर्वांनी खाव्यातच.

केंद्राने २०२७ पर्यंत हत्तीरोग संपवायचं ठरवलं आहे. त्यासाठी मोठा जंत मारणाऱ्या औषधाच्या संशोधनाला अर्थसंकल्पात वेगळी तरतूद करावी आणि चाचण्यांची केंद्रं नागपूर, वर्धा, भंडारा, गडचिरोली इथे द्यावीत.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षक, भंडारा