वृंदास, पिवळ्या गुलाबाबद्दल

प्रिय वृंदा,

गच्चीत लावायला वासाचा पिवळा गुलाब कुठला घेऊ असं तू विचारलंस, आणि मी कधीची 'सोलेय द'ऑर' नावाच्या जुन्या पिवळ्या गुलाबामध्ये अडकलेय, त्यामुळे आधी तेच ऐक.

आज आपल्याला पिवळा गुलाब म्हणजे अगदी साधी गोष्ट वाटते, तळेगावच्या पॉलिहाऊसमधून गठ्ठेच्या गठ्ठे येतात. पण १९०० च्या आधी युरोपातल्या बागांमध्ये असा झळझळीत पिवळा मोठा गुलाब नव्हताच गं. पिवळे होते, १८६४ चा 'मारेशाल नील' होता, वासाला अप्रतिम, पण रंग फिकट आणि थंडी अजिबात सोसायचा नाही, इंग्लंडात त्याला काचघरात ठेवायचे. खरा गडद पिवळा होता तो इराणकडून आलेल्या 'पर्शियन यलो'त, पण त्याच्या फुलांना ढेकणासारखा उग्र वास आणि बी धरायची बोंब.

फ्रान्समध्ये लियोंजवळ जोसेफ पेर्ने-द्युशेर नावाचा माणूस होता, त्याने १८८० च्या दशकात पर्शियन यलोचाच पराग 'आंत्वान द्युशेर' या लाल गुलाबावर लावायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं, हजारो फुलांवर! हाती लागली मूठभर बी, आणि त्यातून जगलेली रोपं तर अगदीच मोजकी. त्यातल्या एकाच्या शेजारी पुढे आपोआप उगवलेलं एक रोप सापडलं आणि तोच हा सोलेय द'ऑर, १९०० मध्ये बाजारात आला. एवढी चिकाटी मला वाचूनसुद्धा झेपत नाही.

फूल कसं असतं सांगू? टोकदार कळीतून उमलणारा आजचा फुलवाल्याकडचा गुलाब नाही, चपटं, आत पाकळ्यांची दाटीवाटी, सोनेरी पिवळ्यात केशरी आणि मध्याकडे लालसर झाक. आणि वास चक्क छान, जोरकस! आजोबांच्या उग्रपणातून असा नातू निघावा याचं मला फार नवल वाटतं.

पण रंगाबरोबर दुखणंही आलं. पर्शियन यलोला ब्लॅक स्पॉट हा पानांचा बुरशीचा रोग पटकन लागतो, तो गुण पुढच्या पिढ्यांमध्ये उतरला. पावसाळ्यात तू पाहिलेस ना, पानावर झालर असलेले काळे गोल ठिपके, मग भोवती पान पिवळं पडतं आणि हात लागला तरी गळतं, बऱ्याच पिवळ्या गुलाबांना हे फार होतं ते या घराण्यामुळे.

आणि आता जे सांगणारेय ते वाचून मला गलबलून आलं. पेर्ने-द्युशेरला क्लॉडियस आणि जॉर्ज असे दोन मुलगे, धंदा पुढे तेच सांभाळणार होते. पहिल्या महायुद्धात दोघंही गेले. त्याने १९२० मध्ये 'सुव्हनिर द क्लॉडियस पेर्ने' आणला, लख्ख पिवळा, आणि मग जॉर्जच्या नावाचा दुसरा. स्वतः १९२८ मध्ये गेला. पण क्लॉडियसच्या नावाचं ते पिवळं वाण पुढे कितीतरी संकरांत वापरलं गेलं, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४५ मध्ये, ज्याला 'पीस' नाव दिलं त्या गुलाबाच्या नोंदवलेल्या वंशावळीतही ते आहे! युद्धात गेलेल्या मुलाच्या नावाचं झाड 'पीस'च्या पूर्वजांत, मी हे तीनदा वाचलं.

असो, तुझ्या गच्चीचं. मूळ सोलेय द'ऑर आपल्या पावसात टिकवायच्या भानगडीत पडू नकोस. पिवळ्यातला घेशील तो भरपूर उन्हात, कुंड्या लांब लांब ठेवून, आणि पाणी बुडाशी घाल, पानांवर नको, गळलेली पानं लगेच उचलून टाक. आणि लेबलवर 'सुगंधी' लिहिलंय म्हणून घेऊ नकोस, उमललेल्या फुलाला नाक लावून मगच पैसे दे. ऑक्टोबरात छाटलेली झाडं डिसेंबरच्या सुरुवातीला फुलतात, तेव्हाच नर्सरीत जाऊया. कुठला रविवार जमतो ते कळव, मी सकाळी लवकर निघेन.

तुझी,
अपर्णा